करवंदाची गोळी आणि सहीच्या वरची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कारखान्यातल्या मैत्रिणीला नाही, देवापुढं उभी राहूनही कधी बोलले नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं – पण दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठून भांडी घासून आले. तेव्हा जरा लांबून येते. चालेल ना?

आधी घरचं. माझे वडील – आम्ही त्यांना आबा म्हणतो – गुळव्या होते. कागलकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू व्हायचं ते उन्हाळा लागेपर्यंत चालायचं, आणि तेवढे महिने आम्ही गुऱ्हाळाला लागून घातलेल्या पत्र्याच्या खोपीत राहायचो. शेत आमचं नाही, ऊस आमचा नाही, गूळही आमचा नाही. आबांचं काम एकच : काहिलीतला रस उकळून पाक झाला की तो नेमका कधी उतरवायचा, ते सांगायचं. चार क्षण लवकर उतरवला तर गूळ पाणी सोडतो, चार क्षण उशीर झाला तर करपतो. आबा पाकाचा थेंब पाण्यात टाकायचे, दोन बोटांत त्याची गोळी करायचे, कानाजवळ नेऊन दाबायचे आणि म्हणायचे, ‘उतरवा.’ मग बारा माणसांची कमाई त्या एका शब्दावर. गुऱ्हाळ बंद झालं की मात्र त्या शब्दाला कोण विचारतंय? पावसाळ्यात आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची आणि आबा गप्प बसून असायचे. आमटीला काही नसलं की काकवी आणि भाकरी. शहरातली माणसं आता काकवी हौसेनं बाटलीतून विकत घेतात. मला अजून तिचा वास आला की पोट रिकामं असल्यासारखं वाटतं.

त्या खोपीतून मी शिकले. अन्न तंत्रज्ञानाची पदवी घेतली. आमच्या दोन्हीकडच्या घरांत दहावीच्या पुढं गेलेलं माझ्याआधी कुणी नाही, आणि हे मी सांगते तेव्हा माझी मान ताठ होते – ती मुद्दाम वाकवणार नाही. कष्टानं मिळवलंय. आज मी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोळ्याबिस्किटांच्या कारखान्यात आहे. आमचं नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण आमची आंबट जेली तुम्ही कधी तरी खाल्ली असेल – वर साखर चिकटलेली, आत रबरासारखी, तोंडात टाकल्यावर एक डोळा आपोआप मिटतो ती. आम्ही तिला गमी म्हणतो. ती चाखून बघणं हे माझं काम. लोक हसतात. हसू देत. पांढऱ्या दिव्याखाली बसून, बशीवर नुसता आकडा लिहिलेला असताना, आंबट आधी येतं की फळ आधी येतं, साखर किती वेळानं विरघळते, दाताला किती चिकटते, गिळल्यावर जिभेवर काय उरतं – हे सांगून एक ते नऊ गुण द्यायचे. दोन नमुन्यांच्या मधे पाणी आणि फिक्कं बिस्कीट.

नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी गावचं गुऱ्हाळ मोडलं. मालकाच्या पोरांनी तिथं लग्नाचं कार्यालय काढलं. आई-आबांना मी शहरात आणलं, दोन खोल्यांत. आई आठ दिवसांत रुळली. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या ओळखीच्या झाल्या. आबांचं काय? ते सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे ते जेवायलाच उठायचे. कोपऱ्यावर चहाचा गाडा आहे, तिथं जाऊन उभे राहायचे – चहा प्यायला नाही, दूध उकळताना बघायला. गाडेवाला एकदा मला म्हणाला, ‘तुमचं वडील रोज येऊन सांगत्यात, आता उतरीव म्हणून.’ हसतच म्हणाला. मला हसू आलं नाही.

तर, खोटं तिथून सुरू झालं. आणि त्या पहिल्या खोट्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हेही सांगून टाकते.

एका शनिवारी मी चाचणीतल्या उरलेल्या गमी पिशवीत घालून घरी आणल्या. आणायच्या नसतात, सगळेच आणतात. आबांनी एक उचलली. तोंडात टाकली नाही – दोन बोटांत धरून दाबली आणि कानाजवळ नेली. मी बघतच राहिले. आणि तोंडातून निघून गेलं, ‘आबा, कंपनीनं विचारलंय, तुम्ही दर शनिवारी ह्या बघून मत द्याल का?’

आबांनी गोळी खाली ठेवली. ‘कंपनीनं? माझं नाव त्यास्नी कुणी सांगितलं?’

‘मी सांगितलं.’

‘मग बघूया की,’ म्हणाले. नेहमीच्या आवाजात, पण पुढच्या शनिवारी मी घरी आले तर आबा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, सतरंजीवर मांडी घालून बसलेले. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘या साहेब. सकाळधरनं चहा बी घेतला न्हाय, जीभ खराब व्हईल म्हणत्यात.’

मी कारखान्यातल्या तक्त्यासारखा एक कागद तयार केला. वर तारीख, नमुना, मग चार रेघा मत लिहायला, खाली सही. आबांना लिहिता-वाचता येत नाही, पण सही येते – मी चौथीत असताना पाटीवर शिकवली होती, माझ्याच अक्षराचं वळण आहे तिला. ते बोलायचे, मी लिहायचे, ते सही करायचे. गुण द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. एक ते नऊ म्हणजे काय, म्हणाले, गूळ काय परीक्षेला बसलाय व्हय. लिंबाच्या गमीला म्हणाले, ‘ही नुसती वरडतीया, बोलत न्हाय.’ पेरूच्या गमीला म्हणाले, ह्यात पेरूचा वास हाय, पण पेरू खाल्लेलं माणूस न्हाय. आंबट कसं असावं असं मी विचारलं तर म्हणाले, तोंड वाकडं झालं पायजे आणि त्याच वाकड्या तोंडानं दुसरी मागितली पायजे. बिस्कीट त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारलं. बिस्कीट गोडच, त्यानं तोंड साफ कसं होणार? भाकरीचा कोरडा पापुद्रा हवा. मी ते लॅबमध्ये करून बघितलं – भाकरी नाही, बिनमिठाचा फुलका – आणि खरंच फरक पडला. साहेब म्हणाले, चांगली कल्पना. मी म्हणाले, थँक्यू सर.

बघा, तिथंच सुरुवात झाली होती. पण अजून मी मुद्द्यावर आले नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आबांनी तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची सवय. आईनं शपथा घातल्या होत्या, डॉक्टरांनी भीती घातली होती, मी कॉलेजात असताना रडले होते – सुटली नव्हती. ती ह्या शनिवारांसाठी सुटली. आधी फक्त शनिवारी, मग शुक्रवारपासून, मग कायमची. आई म्हणायची, ‘माझ्यासाठनं न्हाय सोडली, पोरांच्या गोळ्यासाठनं सोडली. आता माझ्या आमटीला बी मार्क द्यायला लागल्यात.’ गल्लीत कुणी पावणं आलं की आबा सांगायचे, मी गोळीच्या कंपनीत हाय, शनिवारचा. जिन्याची पायरी सुटली. पाठ सरळ झाली.

आणि ते सगळे कागद कुठं जायचे? माझ्या कपाटात, बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. कंपनीला आबांचं नावही माहीत नव्हतं.

इथपर्यंत तुम्ही मला माफ केलं असतं, हो ना? पोरीनं बापाचा जीव रमवला, काय वाईट केलं? म्हणूनच इथं थांबायचा मोह होतो. इथं थांबले तर मी चांगली ठरते.

करवंदाची गमी माझी होती. कल्पना माझी, एक वर्ष मेहनत माझी. पन्हाळ्याच्या वाटेवर बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात ना, तो चीक लागलेला, तुरट-आंबट, जांभळा स्वाद मला पकडायचा होता. बाजारात सगळीकडं स्ट्रॉबेरी आणि हिरवं सफरचंद – आमच्याकडच्या किती पोरांनी हिरवं सफरचंद खाल्लंय? तो स्वाद जमला. खरंच जमला. चाखणाऱ्या टेबलावर सगळ्यांनी आठच्या वर गुण दिले. उन्हाळा होता. त्या शनिवारी मी ती आबांपुढं ठेवली तेव्हा मला मत नको होतं – मला शाबासकी हवी होती. हे आज कळतंय. तेव्हा मला वाटत होतं मी नमुना दाखवतेय.

आबांनी चाखली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, ‘बिरंबोळ्याच्या माळावर गेल्यागत वाटलं.’ बिरंबोळा म्हणजे आमच्या गावामागचा डोंगर, करवंदाच्या जाळ्यांचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी सही केली नाही. चार गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळल्या, माठाच्या शेजारी ओलसर कोनाड्यात ठेवल्या आणि म्हणाले, दोन दिवसांनी सांगतो.

दोन दिवसांनी त्यांनी पुडी उघडली. कागदावर डाग पडले होते, वरची साखर ओली झाली होती, आणि बातमीची अक्षरं गोळीला उलटी उमटली होती. ‘पोरी, चव एक नंबर हाय,’ आबा म्हणाले. ‘पर ही पावसात रडणार. लिव्ह तसं.’

मी म्हणाले, आबा, आमच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र आहे. त्यात सगळं बरोबर आलंय.

‘यंत्राला म्हणावं, माठाशेजारी दोन दिस झोप. लिव्ह तू.’

आता आलं ते. मी पेन घेतलं. आबा समोर मांडी घालून बसलेले, टोपी नीट केलेली, मी काय लिहितेय तिकडं अगदी लक्ष. आणि मी लिहिलं – ‘चव उत्तम. काही दोष नाही.’

मी ते लिहिलं आणि त्यांना वाचून काय दाखवलं? ‘चव उत्तम, पण पावसात पाणी सोडणार.’ त्यांनी मान हलवली. पेन घेतलं, जीभ दातात धरून, मी शिकवलेल्या वळणानं सावकाश सही केली.

का केलं मी असं? तो कागद कुणी वाचणार नव्हतं. डब्यातच जाणार होता. खरं लिहिलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? काहीच नाही. म्हणून तर ते मला सोसत नाही. माझ्या स्वतःच्या डब्यातल्या, स्वतःच्या खोट्या कागदावरसुद्धा, पदवी नसलेल्या माणसाचं माझ्याविरुद्धचं एक वाक्य मला राहू देववलं नाही. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाकडून, त्यानं न बोललेल्या शब्दांखाली सही घेतली. गावात सावकार आणि तलाठी असं करतात म्हणून आबाच मला लहानपणी सांगायचे – ‘शीक, म्हंजे कागदावर काय हाय ते कुणी तुला खोटं सांगणार न्हाय.’ मी शिकले. आणि कागदावरचं पहिलं खोटं त्यांनाच सांगितलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. करवंदाची गमी बाजारात गेली, लोकांना आवडली, आणि पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे भिंतीलाही घाम फुटतो. जयसिंगपूरपासून पन्हाळ्यापर्यंतच्या दुकानांतून खोकी परत आली – पाकिटात गोळ्या नाहीतच, एकच जांभळा गोळा. कारखान्यात बैठक बसली. साहेबांनी विचारलं, ही शंका आधी कुणालाच आली नव्हती का? टेबलाभोवती सगळे गप्प. मीही गप्प. मी वहीत रेघा ओढत होते.

त्याच संध्याकाळी आबा खालच्या दुकानातून असलं एक चिकटलेलं पाकीट घेऊन वर आले. रागावले नव्हते. उलट चेहरा काळजीत, आजारी जनावर बघून आल्यासारखा. ‘मी सांगितलं हुतं की. त्यांनी वाचलं न्हाय व्हय माझं?’

मी म्हणाले, ‘वाचलं आबा. पण तोवर माल गेला होता.’

त्यांनी पाकीट दोन बोटांत दाबून बघितलं. मग म्हणाले, असू दे, त्यास्नी म्हणावं घाई करू नका. गरम गूळ कुणी पोत्यात भरतं व्हय? आधी पुरती वाळू दे, मग साखरंत घोळवा. आणि आंबट सगळं वर लावू नका, निम्मं आत घाला – वरचं आंबटच हवेतलं पाणी वढून घेतंय.

मी दुसऱ्या दिवशी तेच केलं. सुकवण्याच्या खोलीत गोळ्या दुप्पट वेळ ठेवल्या. वरच्या साखरेतलं आम्ल निम्मं केलं, उरलेलं आतल्या पाकात घातलं. एक पुडी कागदात गुंडाळून लॅबच्या वॉश बेसिनखाली ठेवली. चार दिवस. कागद कोरडा. साहेबांनी विचारलं, हे कसं सुचलं? मी म्हणाले, ‘कॉलेजात शिकले होते, सर.’ त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. माझ्या नावाचं पत्र निघालं, आणि वर्षअखेरीला मी विभागप्रमुख झाले.

पत्र घरी आणलं. आई पेढे आणायला खाली गेली. आबांनी ते उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि एकच विचारलं, ‘माझं नाव घेतलंस न्हवं?’

‘व्हय आबा. घेतलं.’

‘बरं केलंस,’ म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजच काय होती? त्यांच्यापुरतं झालं होतं. गल्लीत सांगून आले – गोळी बिघडली हुती, कंपनीनं मला इचारून बरी केली.

गेल्या वर्षी कारखान्यानं घरच्यांना बोलावलं होतं. सगळ्यांचे आईवडील, मुलं आली, पाकाच्या कढया बघून गेली. आमची कढई माणसाच्या उंचीची आहे, वाफेवर चालते, आत पाक फिरतो तेव्हा काचेतून दिसतो. आबांनी आयुष्यभर चुलवाणावरची काहील बघितली. ती कढई बघायला ते पायी आले असते. मी त्यांना नेलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे – ते धोतरात आले असते तरी मी मिरवलं असतं. नेलं नाही कारण ते आत येताच पहिला भेटेल त्याला म्हणाले असते, मी शनिवारचा परीक्षक. मी घरी सांगितलं, बाहेरच्यांना सोडत नाहीत, स्वच्छतेचा नियम आहे. आबा म्हणाले, बराबर हाय, गुऱ्हाळात बी आम्ही चपला घालून कुणाला येऊ देत नव्हतो. माझ्या खोट्याला आधार त्यांनीच जोडून दिला.

शनिवार अजून चालू आहेत. परवा चिंचेची गमी होती. आबा म्हणाले, बी काढलीय, पर बीची आठवण तेवढी राहू द्या, चिंचंला बीशिवाय मजा न्हाय. मी ते शब्दाला शब्द लिहिलं. त्या एका दिवसानंतर मी त्यांचा एकही शब्द बदललेला नाही. पण त्यानं तो दिवस बदलत नाही.

आणि आणखी एक. हे मी लिहायला धजावले, त्याचं एक कारण आबांना वाचता येत नाही हे आहे. तेही सांगायला हवं होतं. कुणी ओळखीचं वाचेल आणि त्यांना वाचून दाखवेल – दाखवो. कुणी कारखान्यातलं वाचेल – वाचो.

आज तो डबा काढला. तो कागद सापडला. माझं अक्षर सुबक, कॉलेजातलं. खाली आबांची सही, शेवटचं अक्षर जरा कागदाबाहेर पळालेलं. मी ‘काही दोष नाही’ ही ओळ खोडली नाही, राहू दिली. तिच्याखाली सहीच्या बाजूला जागा होती, तिथं लिहिलं – ‘पावसात रडणार, असं आबा म्हणाले होते.’ आणि त्याखाली माझी सही केली.

करवंदाची गमी आता तिसरा पावसाळा बघतेय. माल परत येत नाही. कारखान्याच्या फायलीत त्या दुरुस्तीपुढं माझं नाव आहे. ती दत्तू गुळव्यानं केली.